'रन'चे ६४५ अर्थ? ही मोजणी मला पटत नाही

कोशवाळवी
सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द कोणता, तर 'सेट', हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं ठरलेलं उत्तर. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, नोंद सुमारे ६० हजार शब्दांची. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५. पीटर गिलिव्हर हे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. चिकाटीला दंडवत!

पण हा आकडा 'बघा, इंग्रजी किती समृद्ध' म्हणून जो तो फिरवतो, तिथे माझं भांडण आहे. नदी रन होते, नळ रन होतो, नाक रन होतं, कच्चा रंग धुण्यात रन होतो. हे चार अर्थ? पातळ काहीतरी वाहतंय, एवढंच की. वर 'रन आउट', 'रन इन्टू', 'रन ओव्हर' ही शेपट्या लावलेली रूपंही त्याच खात्यावर. कोशकाराची कात्री बारीक, म्हणून आकडा मोठा.

भाषांतरवाली
असहमत. कात्री त्यांची असेल, पोट आमचं त्यावर चालतं. बाई 'रन्स' हॉस्पिटल, पेशंट 'रन्स' फीव्हर, नाटक वर्षानुवर्षं 'रॅन', घरातलं दूध 'रॅन आउट', आणि बँकेवर 'रन' आला. मराठीत काय? हॉस्पिटल चालवते, ताप आहे, प्रयोग होत राहिले, दूध संपलं, पैसे काढायला झुंबड उडाली. 'धावणे' एकदाही नाही. हे सगळं तुमच्या 'वाहतंय, एवढंच'मधून काढून दाखवा.

कोशवाळवी
मराठीला पाच शब्द लागले म्हणून इंग्रजीत पाच अर्थ होत नाहीत. जर्मनमध्ये नळ, नाक आणि यंत्र, तिन्हीला 'लाउफेन' चालतं. म्हणजे जर्मन अनुवादक बसवला तर अर्थ कमी, मराठी बसवली तर जास्त?

घाटमाथा
इंग्रजीचं कौतुक पुरे, 'लागणे' घ्या. साताऱ्याला जाताना खंबाटकी लागतो आणि घाट लागला की मला गाडी लागते. भूक लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, निकाल लागतो. डोळा लागतो, नजरही लागते. दूध खाली लागतं. तो माझा मामा लागतो. पोर रडायला लागलं की आपल्याला उठावं लागतं. दाते-कर्वे मंडळींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये काढले, तेही पैशांची जुळवाजुळव करत. एका क्रियापदावर नऊ महिने पगार देणारं आपल्याकडे आहे कोण? ६४५ हा आकडा मला तरी आधी ऑक्सफर्डच्या तिजोरीचा वाटतो.

खडूफळा
मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'फोटोसिंथेसिस'ला कुणी अडत नाही, लांब असला तरी एकच काम करतो बिचारा. घोळ होतो तो तीन अक्षरी शब्दांचा. 'हिज फादर रन्स अ शॉप'चं भाषांतर दरवर्षी कुणीतरी 'त्याचे वडील दुकान पळवतात' असंच करतं. धागाकर्त्यांचा 'एकच अर्थ' वर्गात घेऊन या, पहिल्या बाकापर्यंतही टिकणार नाही.

ग्रीसवाला
सगळेच अर्थ काही कात्रीतून पडलेले नाहीत. कारखाने आले, रेल्वे आली, मग संगणक आले, आणि प्रत्येक वेळी इंग्रजीने नव्या कामाला 'रन'च जुंपला. यंत्र त्यांच्याकडे धावतं, आपल्याकडे चालतं. फ्रेंचांकडेही चालतंच, 'मार्श'.

दुसरं, आपण 'प्रोग्राम रन केला' म्हणतो, 'ट्रायल रन' म्हणतो, क्रिकेटचा 'रन' तर गल्लीतल्या पोरांचाही (धावा वर्तमानपत्रात). पण 'माझं नाक रन होतंय' कुणी म्हणतं का? एक अर्थ सुटा उचलता येतो, बाकीचे तिथेच राहतात. सगळं एकच असतं तर सोबत आलं नसतं?

कोशवाळवी
उसनवारीत अख्खा शब्द कधीच येत नाही, त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि ६४५ अर्थ बाळगणारा माणूस दाखवा! हा ऐतिहासिक कोश आहे, मेलेले अर्थही त्यात जपलेले असतात. शिवाय देशोदेशीचे. बायकांच्या पातळ मोज्याची वीण उभी सुटली तर अमेरिकेत 'रन', ब्रिटनमध्ये 'लॅडर'. निवडणुकीला अमेरिकन माणूस 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो. ही शतकांची आणि खंडांची बेरीज आहे. ती एका भाषेची श्रीमंती म्हणून मिरवायची?

घाटमाथा
अवांतर: आमच्याकडे उमेदवार उभा राहतो, त्याला बसवतात, नाहीच बसला तर पडतो. धावायची वेळ निकालानंतर.

भाषांतरवाली
@कोशवाळवी, जर्मन-मराठी सोडा, भाषेतल्या भाषेतच तपासायची युक्ती आहे. दोन वापर एका क्रियापदाला जुंपायचे. 'भूक आणि तहान लागली' सरळ जातं. 'भूक आणि नोकरी लागली' म्हटलं की हसू येतं. हसू आलं तिथे अर्थ वेगळे. इंग्रजीतही 'ही रॅन अ शॉप अँड अ फीव्हर' हा विनोदच होतो. तुमची नदी आणि नळ एकत्र खपतील, ते तुम्हाला दिले. दुकान आणि ताप नाही खपणार.

कोशवाळवी
चाचणी मान्य. ती लावून ६४५ मधले पन्नास उरले तरी पुष्कळ. लावा आणि यादी इथे टाका.

भाषांतरवाली
नऊ महिन्यांचा पगार कोण देणार?