मदत हवी आहे : बेलच्या न झालेल्या करारामुळे स्टीलर्सचं नेमकं नुकसान किती झालं?

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा 2018 चा हंगाम मला अजून छळतो. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ल'व्हियॉन बेलवर संघाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी फ्रँचाइझ टॅग लावला, म्हणजे खेळाडूला एका वर्षासाठी संघातच राखणारा प्रस्ताव दिला, सुमारे 1 कोटी 45 लाख डॉलरचा. त्याला दीर्घ मुदतीची हमी हवी होती. रनिंग बॅकचे गुडघे किती वर्षं साथ देतात, हे पाहता मला त्याचं म्हणणं पटतं. त्याने सहीच केली नाही, अख्खा हंगाम घरी बसला. नोव्हेंबरमध्ये सही करण्याची मुदत संपल्यावर सहकाऱ्यांनी त्याचं लॉकर उघडून बूट वाटून घेतले, ते पाहून पोटात तुटलं.

त्याच्या जागी जेम्स कॉनर छान धावला, तरी 9-6-1 वर (9 विजय, 6 पराभव, 1 बरोबरी) थांबून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकलंच. पुढे बेल न्यूयॉर्क जेट्स संघाकडे गेला.

माझा प्रश्न: सही न केलेल्या टॅगची रक्कम सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेत) अडकून राहते ना? मग त्या काळात 53 जणांच्या चमूत दुसरा अनुभवी खेळाडू घेताना संघाचे हात किती बांधलेले असतात? कॅपचा हिशेब जाणणाऱ्या कुणी जरा उलगडून सांगाल का?