मदत हवी आहे: आजीच्या मीनाकाम केलेल्या मनगटी घड्याळाबद्दल

नमस्कार मंडळी,
आजीच्या पेटीत तिचं लेडीज घड्याळ मिळालं. चांदीची गोल केस, रुपयाच्या नाण्याएवढी, चावीचं. कडेच्या रिंगवर निळ्या-जांभळ्या रंगाचं मीनाकाम आहे आणि त्याच्या खाली चांदीवर कोरलेल्या बारीक लाटा दिसतात. घड्याळ हलवलं की त्या लाटा चमकतात, पाहतच राहावंसं वाटतं. पट्ट्यासाठी दोन्ही बाजूंना नुसत्या तारेच्या कड्या आहेत.

मागच्या झाकणाच्या आत 935 (हजारात 935 भाग शुद्ध चांदी) आणि तीन अस्वलांचे छोटे शिक्के आहेत, म्हणजे स्विस चांदी. 1907 नंतर ब्रिटनमध्ये आयात होणाऱ्या चांदीच्या घड्याळांवर तिथला हॉलमार्क मारावा लागे, तो यावर नाही, म्हणजे हे त्याआधीचं असावं किंवा ब्रिटनमध्ये गेलेलंच नसावं. तबकडीवर कंपनीचं नाव नाही.

अडचण अशी की चारच्या आकड्याजवळ मिन्याचा टवका उडालाय, तांदळाच्या दाण्याएवढा. एका दुरुस्तीवाल्याने झाकण उघडताना तो उडवला. तेव्हापासून कुणाच्या हातात द्यायचं धाडस होत नाही.

जाणकारांना विचारायचंय: नाव नसताना यंत्रावरून कारखाना कसा ओळखायचा, कुठे काय बघायचं? टवका तसाच ठेवावा की भरून घ्यावा? भट्टीत पुन्हा मिना चढवला तर बाकीचा तडकेल अशी धास्ती वाटते. भट्टीशिवाय रंगीत रेझिन भरलेलं कुणी पाहिलंय का, कसं दिसतं? पुण्या-मुंबईत असं काम हळुवार हाताने करणारं कुणी असेल तर जरूर सांगा. आजी हे लग्नकार्यालाच घालायची, मला ते नीट जपायचंय.