मोठ्या खंडानंतर कावा: जीभ जेमतेम बधिर, पुढे काहीच नाही

खाडीकाठ
बोटीवरची नोकरी संपल्यापासून कावा (पॅसिफिक बेटांवरच्या एका झुडपाच्या मुळीचं, अंग सैल करणारं पेय) बंद होता, आता पुन्हा घेतोय. फिजीची वाका पूड आहे, डब्यात दोन पावसाळे काढलेली. दोन मोठे चमचे पूड मलमलच्या फडक्यात बांधून दोन पेले कोमट पाण्यात चारेक मिनिटं मळतो. चहा-पोह्यांनंतर तासाभरानं पितो. जीभ थोडी बधिरते. अंग सैल पडणं, मन निवांत होणं नाही. पूड गेली का? प्रमाण दुप्पट करू?

मिरवेल
दुप्पट नको. आधी डबा उघडून वास घ्या. चांगल्या पुडीला मातकट, मिरीसारखा झणका असतो (मिरीच्याच कुळातली ती). कुबट वास किंवा गुठळ्या असतील तर सगळी फेकून द्या. उन्हात वाळवून वापरू नका; वाळवल्यानं बुरशीचं विष जात नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पूड जाड पिशवीत हवा काढून, लहान पुड्या करूनच ठेवायला हवी.

पूड ठीक असेल तर चूक मळण्यात आहे. कावालॅक्टोन (मुळीतले परिणाम करणारे घटक) पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, दाबून पिळूनच बाहेर काढावे लागतात. चार मिनिटांत बराचसा अर्क चोथ्यातच राहतो. चमच्यानं मोजू नका, तोलून ३० ग्रॅम घ्या. ३०० मिली पाणी, बोट सुखानं बुडेल इतपतच गरम. कढत पाण्यात मुळातला स्टार्च फुगून खळ होते आणि फडकं तुंबतं. दहा मिनिटं भिजू द्या, मग नारळाचा रस काढतो तसं दहा मिनिटं दाबून पिळा. त्याच चोथ्यात १५० मिली पाणी घालून दुसरा रस काढा, दोन्ही एकत्र करा. पाणी गढूळ, मातीच्या रंगाचं दिसलं पाहिजे. प्रत्येक पेल्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर पहिला पेला पाणचट आणि खालचा गाळ वाया.

वेळाकाठी
मळण्याबद्दल सहमत, पण पोह्यांचं काय? कावा रिकाम्या पोटी घ्यायचा, जेवणानंतर निदान तीन-चार तासांनी. तासाभरापूर्वीचे पोहे पोटात असले की परिणाम उशिरा आणि विस्कळीत येतो.

जीभ हीच खरी खूण. मुख्यतः कावेन या कावालॅक्टोनमुळे ती बधिरते. नीट मळूनही बधिरली नाही, तर पुडीत दम नाही. छान बधिरली आणि पुढे काही नाही, तर रिव्हर्स टॉलरन्स. नव्या माणसाला पहिल्या काही वेळा फारसं जाणवत नाही, पुढे तेवढ्याच प्रमाणात जाणवू लागतं. मोठ्या खंडानंतर बरेच जण पुन्हा त्याच पायरीवर येतात. याचं पक्कं कारण सिद्ध झालेलं नाही. म्हणून प्रमाण न वाढवता, एकेक दिवस सोडून चार-पाच वेळा तेवढ्याच पुडीचा ताजा रस घ्या. अर्धा रस प्या, वीस मिनिटं थांबा, मग उरलेला. लगोलग ओतलात तर मळमळ आधी येईल.

खाडीकाठ
गुठळ्या आहेत. पूड टाकतो. नवी कोणती घेऊ?

मिरवेल
नोबल जातीची (रोजच्या पिण्यासाठी परंपरेनं निवडलेली), मध्यम दळलेली. वाका म्हणजे बाजूची मुळं, लेवेना म्हणजे बुंध्याचा भाग. वाका कडक, लेवेना सौम्य. टुडेई (दोन दिवस असर राहणाऱ्या जाती) स्वस्त मिळाली तरी नको, दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं. वानुआतूनं २००२ च्या कायद्यानं अशा जातींची निर्यात रोखली, ती उगाच नाही.

वेळाकाठी
आणि पथ्य. दारूबरोबर कधीच नाही. झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. पॅरासिटामॉल त्या दिवशी टाळा. पिऊन मोटरसायकल नाही. यकृताचा जुना त्रास असेल तर कावा नकोच. लघवी गडद झाली, डोळे पिवळट दिसले किंवा भूक मेली तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करा.