पॅरिस ते रोम: अंतर किती, विमानाला वेळ किती?

मांडवीकर:
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पॅरिस आणि रोम करायचं ठरतंय, बडोद्याहून. पॅरिस–रोम अंतर एका साइटवर १,१०० किमी दिसतं, दुसरीवर १,४०० च्या वर. वेळही कुठे पावणेदोन तास, तर तिकिटावर सव्वादोन. खरं काय धरायचं? सकाळी साडेनऊचं विमान घेतलं तर त्याच दुपारी कलोसियम उरकेल का?

सुरसागरकाठ:
दोन्ही आकडे बरोबर. १,१०० हे हवाई अंतर, म्हणजे साधारण मुंबई–दिल्लीएवढं. १,४०० रस्त्याचं, कारण मध्ये आल्प्स आडवा येतो. सरळ रेघ ओढली तर ती माँ ब्लाँ शिखराच्या अगदी जवळून जाते. मोटारीला मात्र त्या डोंगराखालचा साडेअकरा किमीचा बोगदा गाठावा लागतो, नाहीतर वळसा.

साइटवाले अंतराला ताशी ८०० च्या आसपासच्या वेगाने भागतात आणि वर थोडी मिनिटं चढवतात. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ अवाढव्य आहे, धावपट्टी गाठेपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. तेव्हा तिकिटावरचीच वेळ धरा. उलट दिशेला वारा बहुधा समोरून असतो, म्हणून थोडी जास्त लागते. घड्याळ दोन्हीकडे एकच, मे मध्ये आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

फतेगंज_२:
कलोसियम त्या दिवशी नको. हिशेब बघा: साडेनऊच्या विमानाला सव्वासहाला हॉटेल सोडायचं. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनहून आरईआर बी लोकलने विमानतळ अर्धा-पाऊण तास. टर्मिनल १ आणि ३ ला एक स्टेशन, टर्मिनल २ ला पुढचं, शेवटचं. तिकीट बघून उतरा. पावणेबाराच्या सुमारास रोमचा फ्युमिचिनो विमानतळ, बॅगा येईपर्यंत सव्वाबारा. तिथून लिओनार्डो एक्सप्रेस ३२ मिनिटांत थेट तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला. विमानतळाच्या त्याच स्टेशनवरून एफएल१ लोकलही सुटते, स्वस्त आहे, पण ती तेर्मिनीला जात नाही. घाईत लोक तिच्यात चढतात. हॉटेलात पोचेपर्यंत दीड-दोन वाजतात. म्हणजे दारापासून दारापर्यंत सव्वासात ते पावणेआठ तास. कलोसियमचं तिकीट नावाचं आणि ठराविक वेळेचं असतं. विमान तासभर लेट झालं की गेलं. संध्याकाळी पँथिऑनचा चौक आणि त्रेवी कारंजं ठेवा, आई-बाबांनाही झेपेल.

स्वस्तात बोव्हे विमानतळाचं विमान दिसलं तर मोहात पडू नका. नावात पॅरिस असलं तरी ते शहरापासून ८० किमीच्या वर आहे, बसलाच सव्वा तास.

आणि छुंद्याची (कैरीच्या गोड लोणच्याची) बरणी मोठ्या बॅगेत. १०० मिलीच्या वरचं पातळ किंवा लगद्यासारखं काहीही केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी अडवतात. लीलो चेवडो, आपला बडोद्याचा ओलसर चिवडा, खुशाल हातातल्या बॅगेत घ्या.

मांडवीकर:
आणि रेल्वेने? बाबांना रेल्वे आवडते.

सुरसागरकाठ:
थेट गाडी नाही. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनहून मिलान सुमारे सात तास, पुढे रोम तीनच्या वर. टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) मिलानला पोर्ता गारिबाल्दी स्टेशनवर सोडते, रोमच्या बहुतेक गाड्या तिथल्याच चेंत्राले स्टेशनवरून सुटतात. सामान घेऊन स्टेशन बदलायला तासाच्या वर ठेवा. अख्खा दिवस गेला. मिलानला एक मुक्काम टाकणार असाल तरच करा.

फतेगंज_२:
भारतातून तिकीट काढताना जाताना पॅरिसला उतरायचं आणि परत रोमहून निघायचं, असं एकाच बुकिंगमध्ये घ्या. हे १,१०० किमी एकदाच करावे लागतील. दोन्ही देशांच्या सामायिक (शेंगेन) व्हिसासाठी ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर आधी जिथे उतराल तिथे, म्हणजे फ्रान्सकडे.