एरर आला की डिस्क बदल, ह्याला निदान म्हणायचं का?

महापेवाला
आमच्या महापेच्या ऑफिसातला फाइल सर्व्हर, लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड ५ (डेटा सगळ्या डिस्कवर असा वाटलेला की एक डिस्क गेली तरी चालतं), चार सॅटा डिस्क. तिसऱ्या स्लॉटची डिस्क परत परत रेडमधून बाहेर पडते. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, येतो, नवीन डिस्क टाकतो, रात्रभर रीबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नवीन डिस्क भरणं) चालतं, थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच, तोच स्लॉट. काढलेल्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचला तर ५ नंबर म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) शून्य, १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर (संशयित) शून्य, आणि १९९ म्हणजे सीआरसी एरर (डेटा पाठवताना बिघडल्याची मोजणी) शेकड्यात. १९९ वाढतो तेव्हा डेटा प्लॅटरवर, म्हणजे डिस्कच्या आतल्या चकतीवर नाही, डिस्क आणि कंट्रोलरच्या मधल्या वाटेत बिघडतोय. केबल, कनेक्टर, बॅकप्लेन (स्लॉटच्या मागचा बोर्ड). रिपोर्ट न बघता डिस्क बदलणं ही दुरुस्ती नाही हे माझं स्पष्ट मत आहे.

वागळे इस्टेट
मी ठाण्यात एएमसीच करतो आणि मी तर आधी डिस्कच बदलणार. गुगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर महत्त्वाचे चार स्मार्ट आकडे शून्यच होते. मग शून्य बघून डिस्क ठणठणीत आहे असं मी कस्टमरला कुठल्या तोंडाने सांगू? रेड ५ मधली एक बाहेर असताना तुम्ही तपास करत बसलात आणि दुसरी गेली की सगळा डेटा गेला.

महापेवाला
शून्य म्हणजे निर्दोष नाही, मान्य. पण इथे १९९ शून्य नाहीये ना! आणि दुसरी जाण्याची भीती म्हणताय तर प्रत्येक रीबिल्डला उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, तो ताण दर वेळी तुमची नवीन डिस्कच देतेय.

घणसोली
डिस्क डेस्कटॉपवाल्या आहेत का? त्या खराब सेक्टर वाचायला खूप वेळ झगडत बसतात, लिनक्स ३० सेकंद वाट बघतं आणि लिंक रीसेट करतं, मग रेड डिस्कला बाहेर काढतं. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटी ईआरसी, म्हणजे डिस्क किती वेळ झगडून सोडून देते ती मर्यादा, बघा, एनएएसच्या (नेटवर्क स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्कला साधारण ७ सेकंद असतात. सपोर्टच नसेल तर लिनक्स कर्नलचा तो ३० सेकंदांचा टाइमआउट वाढवा.

महापेवाला
एनएएसच्याच आहेत, ७ सेकंद दिसतात.

ऐरोली नाइट शिफ्ट
मग भांडण मिटवणारी टेस्ट सोपी आहे. आधी पूर्ण बॅकअप, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हर बंद करून तिसऱ्या आणि चौथ्या स्लॉटच्या डिस्कची अदलाबदल करा, सॉफ्टवेअर रेड डिस्क तिच्या सुपरब्लॉकवरून (डिस्कवरच लिहिलेल्या रेडच्या ओळखीवरून) ओळखतो, स्लॉटवरून नाही. एरर डिस्कबरोबर गेला तर डिस्क, स्लॉटवरच राहिला तर केबल, बॅकप्लेन, पोर्ट. पॉवरचं स्प्लिटर (एका वायरीवरून अनेक डिस्कना वीज देणारं) पण बघा, ते लोक नेहमी विसरतात.

वागळे इस्टेट
बॅकअप हातात असेल तर ही टेस्ट मला चालेल. बॅकअप नसेल तर मी अजूनही डिस्कच बदलणार, त्यात बदल नाही.

महापेवाला
बॅकअप आज रात्री लावतोय. १९९ चा आकडा एकदा चढला की खाली येत नाही म्हणून चारही डिस्कचे आकडे सीरियल नंबरसकट लिहून घेतो आणि अदलाबदलीनंतर कुठला वाढला ते इथेच टाकतो.