वाइनमध्ये पाणी : प्रमाणाचा हिशेब

प्राचीन ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी मिसळून पीत. पूर्वी पाणी निर्जंतुक करायला त्यात वाइन मिसळत, असं सांगितलं जातं. ग्रीकांच्या बाबतीत तरी ते मुख्य कारण वाटत नाही. हिशेब करून बघा. नैसर्गिक आंबवणीत मद्यार्क फार तर १५ टक्क्यांच्या आसपास जातो, पुढे यीस्टच तग धरत नाही. अशा १ भाग वाइनमध्ये ३ भाग पाणी घातलं की उरतात जेमतेम पावणेचार टक्के, म्हणजे हलक्या बिअरइतके. एवढ्यात जंतू खात्रीने मरत नाहीत. थोडीफार मदत होते ती वाइनच्या आंबटपणाची.

खरं कारण सिंपोझियनमध्ये, म्हणजे ग्रीकांच्या एकत्र मद्यपानाच्या बैठकीत आहे. तिथे रात्री उशिरापर्यंत प्यायचं, पण बोलणं आणि गाणं सुटू द्यायचं नाही. म्हणून क्राटेर या रुंद तोंडाच्या भांड्यात सगळ्यांसाठी एकत्र मिश्रण होई आणि प्रमाण बैठकीचा निवडलेला प्रमुख ठरवी. ग्रीक कवी हेसिओड ३ भाग पाण्याला १ भाग वाइन सांगतो, तर दुसरा ग्रीक कवी अनाक्रिऑन १० मापं पाण्याला ५ मापं वाइन. होमरच्या महाकाव्यातलं २० मापं पाण्याला १ माप वाइन हे प्रमाण मात्र शब्दशः घेऊ नये, त्यात १ टक्काही मद्यार्क उरत नाही. तिथे वर्णन केलेल्या वाइनचा कडकपणा ठसवायचा आहे.