मदत हवी आहे: फोनवर ध्वनीचा वेग मोजताना आकडे भलतेच येतात

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या सातपूरकडच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. ध्वनीच्या धड्यासाठी फायफॉक्स हे फोनच्या सेन्सरांवर प्रयोग करायचं मोफत ॲप वापरून पाहतोय. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, जाहिराती नाहीत, त्यामुळे मुलांपुढे निर्धास्तपणे उघडता येतं.

त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घेऊन दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवतो. पहिल्या फोनजवळ टाळी वाजली की दोन्ही घड्याळं सुरू, दुसऱ्याजवळ वाजली की दोन्ही बंद. दोन्ही घड्याळांवरच्या वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर (दोन टाळ्यांचे ५-५ मीटर मिळून) जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. वर्गात मात्र बाकाचा आवाज, कुणाचा खोकला, बाहेरून जाणारा ट्रक, कशानेही घड्याळ सुरू होतं. घड्याळ किती मोठ्या आवाजाला सुरू व्हावं ती मर्यादा वाढवली तर लांबची टाळीच पकडत नाही. मैदानात न्यायचं तर वारा.

कुणी हा प्रयोग पूर्ण वर्गाकडून करून घेतलाय का? मर्यादा किती ठेवता? टाळीऐवजी लाकडी ठोकळे बरे पडतील का? की अंतरच वाढवू?

दुसरं, शाळेत मुलांना फोन आणायची बंदी आहे (आणि ती योग्यच आहे म्हणा). शिक्षकांचेच दोन-तीन फोन आणि साठ मुलं, अशात गट कसे पाडता? स्वस्त फोनमध्ये चुंबकत्वाचा सेन्सर बहुधा नसतो, म्हणून मायक्रोफोनवर किंवा हलण्यावर चालणारे आणखी प्रयोगही सुचवा. नाशिकमधलं कुणी शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन दाखवणार असेल तर चहा-मिसळ माझ्याकडून.